शेवटचे तीन आटे

गावाचं नाव मी लिहिणार नाही. धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याचं, तुळजापूरला जायला एसटीनं तासभर लागतो, एवढं पुरे. नाव लिहिलं की कुणीतरी हा अंक काखेत मारून नगरपालिकेत जाईल आणि चौकशीची मागणी करील. तुम्हाला वाटेल, म्हातारा संशयी आहे. आहेच. एकतीस वर्षं वॉलमन म्हणून काढून जो माणूस संशयी झाला नाही, त्यानं नोकरी नीट केली नाही असं खुशाल समजा.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना वाटतं पाणी नळातून येतं. आमच्याकडं ते चावीतून येतं. टाकीपासून मोठी लाइन निघते, तिच्यातून गल्लीगल्लीच्या लाइनी फुटतात, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत एक वॉल असतो. वर लोखंडी झाकण. झाकण काढायचं, कमरेएवढी लांब चावी आत बसवायची आणि फिरवायची. चावीचा एक पुरा फेरा म्हणजे एक आटा. कुठला वॉल बारा आट्यांचा, कुठला अठराचा, हे वॉलमनच्या डोक्यात असतं. अठरा फिरवले की गल्लीला पाणी, उलटे अठरा फिरवले की बंद. उन्हाळ्यात एका गल्लीचा नंबर आठ दिवसांनी लागायचा आणि पाणी मिळायचं पंचेचाळीस मिनिटं.

आता सांगा, ज्या माणसाच्या हातात ही चावी आहे, त्याच्यावर कोण विश्वास ठेवील? एक बाई माझी चाहूल लागली की भिंतीवरचं घड्याळ काढून दारात घेऊन बसायची. एका पठ्ठ्यानं वॉलच्या झाकणाला बारीक दोरा बांधून ठेवला होता, मी मधल्या दिवशी झाकण उघडतो का ते बघायला. दोरा मांजरानं तोडला आणि अर्ज माझ्या नावानं आला. मी कुणाच्या लग्नात जेवलो की पुढच्या आठवड्यात लोक त्या घराची टाकी डोकावून बघायचे. असं सगळं गाव आपल्याकडं बघायला लागलं की आपणही गावाकडं तसंच बघायला लागतो. मी दूधवाल्यावर संशय घेतला, पोस्टमनवर घेतला. आणि बावीस वर्षं जो माणूस माझ्याबरोबर चावी घेऊन फिरला, त्या भानुदासवरही घेतला. हे लिहायचं ते त्यासाठीच.

भानुदास मूळचा तामलवाडीकडचा. माझ्याहून सात वर्षांनी लहान. मला अण्णा म्हणायचा. त्याचा बाप बाजारात धान्य मापायचा, त्यामुळं आटे मोजताना हा 'एक' म्हणायचाच नाही. मापाडी पहिल्या मापाला म्हणतात तसं 'लाभ' म्हणून सुरू करायचा. लाभ, दोन, तीन, चार. तेही मोठ्यानं, ओट्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असं. मी म्हणायचो, "अरे, मनात मोज की." तो म्हणायचा, "मनात मोजलं की लोकाला वाटतंय चोरायलाय. तोंडानं मोजलेलं बरं असतंय, अण्णा."

घरच्या माणसांवर त्याचा असा जीव की आम्ही त्याची थट्टा करून थकलो. बायको सुमन अंगणवाडीत मदतनीस. ती सकाळी लवकर जायची, म्हणून दोन्ही मुलींच्या वेण्या हा घालायचा. ज्या हातांनी गंजलेले वॉल फिरवायचा त्याच हातांनी लाल रिबिनीची फुलं करायचा. थोरली मनीषा दहावीला गेली तरी बापाकडूनच वेणी घालून घ्यायची. खिशात सुमनच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कारण ती हटकून विसरायची. दुपारचा डबा उघडण्याआधी घरी फोन करायचा, "जेवलात का?" तिकडून हो आलं की मगच पहिला घास. त्याचा राग म्हणून कुणी पाहिलेला नाही.

आमच्या नोकरीत एक नियम होता आणि तो शहाण्या माणसानं केलेला होता. वॉलमनला त्याच्या राहत्या भागाची चावी द्यायची नाही. त्यामुळं गावाचा पश्चिम भाग माझ्याकडं, पूर्वेचा भानुदासकडं. मी राहायचो पूर्वेला, तो पश्चिमेला. म्हणजे माझ्या घराचं पाणी त्याच्या हातात आणि त्याच्या घराचं माझ्या.

मी या बाबतीत फार कडक. भानुदासची गल्ली म्हणजे दोस्ताची गल्ली, लोक बोट दाखवणारच. म्हणून मी तिथं पंचेचाळीसऐवजी पस्तीस मिनिटांनी वॉल बंद करायचो. पहिल्या वर्षापासून. आणि हे लपवूनही ठेवलं नव्हतं. ऑफिसात चारचौघांत छाती काढून सांगायचो, "जवळच्या माणसाला दहा मिनिटं कमी. माझ्यावर कोण बोलतो बघू!" भानुदास तिथंच बसलेला असायचा. तो हसायचा. एकदा त्याच्या घरी चहाला गेलो तर सुमन पाण्याच्या ओढाताणीचं काहीतरी बोलली. मी तिला म्हणालो, "पाणी जपून वापरायचं असतं. आमच्या हिच्याकडून शिका. आठव्या दिवशीसुद्धा पिंपात पाणी असतं." सुमननं मान खाली घातली आणि चहात साखर टाकली.

संध्याकाळी भानुदास सायकलच्या हँडलला दोन निळे कॅन अडकवून पश्चिमेकडं जाताना दिसायचा. टाकीजवळच्या हातपंपावर भरून आणायचा. माझ्या मनात आलं, हे पाणी जातंय कुणाकडं? घरचा नळ असताना माणूस रोज कॅन का भरतो? विचारलं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो, हे आमच्या धंद्यातलं शिक्षण.

पण खरा संशय दुसराच होता. नवरात्रात तुळजापूरला चालत जाणाऱ्या लोकांसाठी आमच्या गावात पाण्याची जादा सोय करावी लागायची, तेव्हा आम्ही दोघं बरोबर फिरायचो. अशाच एका पहाटे आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. चावी माझ्या हातात होती. त्यानं ती काढून घेतली. "ऱ्हाऊ द्या अण्णा. तुमच्या गल्लीच्या वॉलला तुमी नका हात लावू. लोकं बघायलेत." मला पटलं. तो बंद करायला लागला. लाभ, दोन, तीन... पंधरावर थांबला आणि चावी उचलली.

मी म्हणालो, "हा अठराचा आहे ना?"

"तीन आदीच फिरवले की, तुमी तमाखू मळत होता तवा."

मी तंबाखू मळत होतो हे खरं. पण तीन आटे फिरवलेले मला ऐकू आले नव्हते, आणि भानुदास तोंडानं मोजल्याशिवाय आटा फिरवत नाही.

माझ्या घरापासून तिसरं घर एका पेढेवाल्याचं. भट्टी घरामागंच. पेढ्याच्या धंद्याला कढया-पातेली घासायला पाणी किती लागतं, तुम्ही विचार करा. शिवाय दर दसऱ्याला त्याच्या दुकानाचा पुडा भानुदासच्या मुलींसाठी जायचा. मी दोन आणि दोन चार केले. पुढं कितीतरी वर्षं येता-जाता मी त्या पेढेवाल्याच्या टाकीवर नजर ठेवली. एकदा तर त्याच्याकडं पूजेला गेलो असताना झाकण उचलून आत हात घालून बघितला. भानुदासला मात्र कधी विचारलं नाही. त्याच्या डब्यातली शेंगाचटणी खात राहिलो आणि मनात त्याच्यावर पहारा ठेवत राहिलो.

गेल्या पौषात तो गेला. सकाळी चहा पिऊन, धाकटीची वेणी घालून, उंबऱ्यात चपला घालायला वाकला तो उठलाच नाही. त्रेपन्न वर्षांचा. अंत्ययात्रेला पूर्वेच्या भागातल्या बायका ओट्यांवर येऊन रडत होत्या. वॉलमनसाठी बाया रडलेल्या मी तरी दुसऱ्या ठिकाणी ऐकल्या नाहीत.

अनुकंपा तत्त्वावर मनीषाला त्याच्या जागी घ्यायचं ठरत होतं. पोरीनं आयटीआय केलेलं, नळकामाची माहिती. आणि तेवढ्यात अर्ज आला. आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात, त्यांना गाव अर्जवाले गुरुजी म्हणतं. त्यांनी लिहिलं होतं: मयत कर्मचारी शेजारच्या गल्लीतल्या एका घराला वर्षानुवर्षं बेकायदा पाणी देत होता. चौकशी होईपर्यंत त्याच्या वारसाला नोकरी देऊ नये.

पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी अर्ज माझ्यासमोर ठेवला. "अण्णा, तुम्ही सगळ्यात जुने. वॉल तपासा आणि अहवाल द्या. त्यात काही निघालं तर पोरीचं अवघड आहे."

खरं लिहायचं कबूल केलंय म्हणून लिहितो. अर्ज वाचून मला आधी वाईट वाटलं नाही. आधी बरं वाटलं. माझा संशय खरा निघाला, याचं बरं वाटलं. भानुदासला जाऊन महिना झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदाच माझ्या गल्लीच्या वॉलला चावी लावली. बंद करायला लागलो. पंधरा आटे लोण्यासारखे फिरले. सोळाव्याला चावी अडली. आमच्याकडचं पाणी जड आहे, क्षाराचं. जिथं आटे फिरत राहतात तिथं क्षार धरत नाही. जिथं फिरत नाहीत तिथं चुन्यासारखा घट्ट बसतो. म्हणजे शेवटचे तीन आटे वर्षानुवर्षं कुणी फिरवलेच नव्हते. वॉल तीन आटे उघडाच होता. मोठ्या लाइनला रोज कुठल्या ना कुठल्या गल्लीसाठी पाणी असतं, तेव्हा आमच्या गल्लीत बारीक धार रोज येत असणार. याला पुरावा म्हणतात. मी चावी खांद्यावर टाकली आणि तडक पेढेवाल्याकडं गेलो.

तो भट्टीवर खवा घोटत होता. मी म्हणालो, "किती वर्षं चाललंय हे?"

"कशाचं?"

"धारेचं. रोजच्या धारेचं."

त्यानं उलथनं खाली ठेवलं. "थट्टा करायलाव का अण्णा? तुमच्या आई अंथरुणाला खिळल्या तवापासून येती की. गल्लीत सगळ्यास्नी ठावं हाय. आमाला वाटलं, तुमीच भानुदासला सांगून ठिवलंय. तुमच्या कडकपणापायी कुणी तोंडावर बोललं न्हाय. आमचंबी भागत हुतं, कशाला बोलावं?"

माझी आई अर्धांगवायूनं पाच वर्षं अंथरुणावर होती. रोज दोन-तीनदा चादरी बदलाव्या लागायच्या, धुवाव्या लागायच्या. भानुदास तिला भेटायला यायचा, पायाशी बसायचा, परसातल्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी बघायचा. त्या चादरी कशानं धुतल्या जातात हा प्रश्न मला पाच वर्षांत एकदाही पडला नाही. मी पहाटे बाहेर पडायचो आणि दुपारी यायचो. तिसऱ्या घराची टाकी हात घालून बघितली, पण आपल्या मोरीतलं पिंप आठव्या दिवशीही भरलेलं कसं, हे बघितलं नाही. मला वाटायचं, आमच्या हिचा हात आटोपशीर आहे.

घरी येऊन हिला विचारलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय, येती की धार. सकाळी नऊच्या पुढं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमीच सोडायला लावलीय असं वाटलं मला. आईसाठी. बाहेर एवढं कडक बोलता, मग घरात त्याचा इषय काढून तुमाला कशाला लाजवायचं? म्या आपली गप ऱ्हायले." मग वर बघून म्हणाली, "तुमी न्हाय लावली?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. संध्याकाळी पश्चिमेला गेलो, सुमनकडं. भिंतीवर भानुदासचा फोटो, खाली कोपऱ्यात ते दोन निळे कॅन. तेव्हा कळलं ते पाणी कुणाकडं जात होतं. माझ्या दहा मिनिटांची भरपाई तो रोज सायकलवरून वाहून आणत होता.

मी सगळं सांगितलं. अर्ज, वॉल, तीन आटे. सुमनला आश्चर्य वाटलं नाही.

"ठावं हाय मला. ह्ये तुमच्या आईंचं बघून आले आन् रातभर तळमळत हुते. म्हणले, अण्णा मागायचे न्हाईत आन् दिलं तर घ्यायचे न्हाईत. मग केलं तसं. आई गेल्यावर बंद कराया गेलते. पर आटे फिरंनात. जोर लावला तर वॉल मोडल, मोडला की चौकशी लागंल, चौकशीत तुमचं नाव यील. म्हणून ऱ्हाऊ दिलं तसंच. पेढेवाल्यानं पुडा दिला की म्हणायचे, ही मला न्हाय, अण्णाच्या आईला दिलेली मिठाई हाय."

मी म्हणालो, "सुमन, तुमच्या गल्लीचं पाणी मी दहा मिनिटं आधी..."

"ठावं हाय की." ती मधेच म्हणाली. "तुमीच सांगायचा ऑफिसात. ते घरी येऊन सांगायचे. मला राग यायचा लई. एकदा म्या म्हणले, तुमी त्यांच्या आईसाठी वॉल उघडा ठिवताव आन् ते आपल्या पोरींचं पाणी तोडायलेत, ह्ये कुठलं दोस्तीचं? तर म्हणले, अण्णावर कुणी बोट दाखवलं तर त्यांना जेवण जात न्हाय. दहा मिनिटांनी त्यांचं पोट भरत आसंल तर भरू दे."

मनीषा दारात उभी राहून ऐकत होती. मला तिच्याकडं बघवलं नाही.

आता प्रश्न अहवालाचा. वॉल उघडा होता हे लिहिलं तर मयत दोषी आणि पोरीची नोकरी लांबणीवर. उघडा नव्हता लिहिलं तर खोटं, आणि गुरुजी स्वतः येऊन झाकण उघडायला कमी करणार नाहीत. गुरुजींनी जन्मात लिहिलेल्या अर्जांपैकी खरा निघालेला हा एकच असावा. दोन दिवस कोरा कागद समोर ठेवून बसलो. तिसऱ्या दिवशी आठवलं की दर उन्हाळ्याच्या तोंडावर गावातले सगळे वॉल पुरते बंद होतात की नाही हे तपासायचं काम सगळ्यात जुन्या वॉलमनचं, म्हणजे माझं. दरवर्षी मी सही केली होती, 'सर्व वॉल पूर्ण बंद होतात.' आमच्या गल्लीचा वॉल मी कधी तपासलाच नव्हता, का तर स्वतःच्या गल्लीच्या वॉलला हात लावायचा नाही. वॉल न बघता नुसती सही मात्र केली.

मी लिहिलं: सदर वॉल तीन आटे उघडा आढळला. वार्षिक तपासणीची जबाबदारी माझी होती, ती मी पार पाडली नाही. त्याचा फायदा ज्या घराला झाला ते घर माझं आहे. माझी आई आजारी होती. मयत कर्मचाऱ्यानं त्याबद्दल काही घेतलं नाही, आणि माझ्याकडून त्याला दहा मिनिटं पाणी कमी मिळत होतं.

साहेबांनी वाचलं. "अण्णा, चार महिने राहिलेत तुमचे. शेवटचं वाक्य तरी काढा. त्याचा इथं काय संबंध?"

मी म्हणालो, "तेवढंच राहू द्या. बाकीचं हवं तर काढा."

मला नोटीस आली. माझं उत्तर गेलं. ठपका बसला तो माझ्या नावावर, कागदावर आणि गावातही. ज्या ओट्यांसमोरून एकतीस वर्षं मी मान वर करून गेलो तिथं लोक हसून म्हणायला लागले, "अण्णा, कडकपणा घरचं पिंप भरेपर्यंतच का?" निवृत्तीचा सत्कार झाला नाही. शाल-नारळाचं मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, वाटलं. गेलेल्या माणसाचा थोडा रागही आला. मला न विचारता मला उपकाराखाली ठेवून गेला. अजूनही कधी कधी मनात येतं, यात त्याची काही वेगळी हिकमत तर नव्हती? मग मी स्वतःलाच गप्प करतो.

मनीषाला पावसाळ्यात आदेश मिळाला. राहायला पश्चिमेला, म्हणून नियमाप्रमाणं चावी पूर्वेची. आमच्या गल्लीला नवा वॉल बसला होता, पुन्हा अठरा आट्यांचाच. पहिल्या दिवशी मी दारात खुर्ची टाकून बसलो. पंचेचाळीस मिनिटं झाली, तिनं चावी लावली आणि मोठ्यानं मोजायला लागली. लाभ, दोन, तीन... पंधरा आले तसा मी खुर्चीतून उठलो. सोळा, सतरा, अठरा. आत मोरीत नळाचा आवाज थांबला.

ती चावी खांद्यावर घेऊन माझ्याजवळ आली. "बंद केला काका. पुरा."

मी म्हणालो, "परत एकदा बघ."

तिनं परत जाऊन चावी लावली, जोर दिला. हलली नाही. मग आली तेव्हा मी विचारलं, "तुमच्याकडं आता किती वेळ येतं?" पश्चिमेला माझ्या जागी नवा माणूस आला होता.

"पंचेचाळीस मिनिटं येतंय."

"पुरी?"

"पुरी." ती हसली, अगदी बापासारखी. "पर आईला अजून सवय न्हाय, काका. पस्तीस मिनिटं झाली की ती उठून आपसूक नळ बंद करती."